भोईरमामांचा हिवाळा

आपल्याच विभागातल्या परिचराचा हेवा करणारा विभागप्रमुख तुम्ही पाहिला नसेल, तर मला पाहा. डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय, नावामागे डॉक्टर लागून जमाना झाला, आणि गेली तीन वर्षं मी ज्या माणसावर जळतोय तो माझ्या प्रयोगशाळेत बरण्या पुसायचा. जळणं हा शब्द मी विचार करून वापरलाय. आदर, कौतुक वगैरे शब्द निरोप समारंभात वापरून झाले. ते भाषण मीच केलं होतं आणि चांगलं झालं होतं.

काशिनाथ भोईर हे त्यांचं नाव. कॉलेजच्या कागदांवर 'प्रयोगशाळा परिचर', बाकी सगळ्यांचे मामा. राहायला खडवलीला, नदीच्या अलीकडे, भाताची थोडी जमीन आणि तीन खोल्यांचं घर. उंची बेताची, अंगाने सडसडीत, आणि पायांचे पंजे इतके रुंद की कॉलेजकडून दर दोन वर्षांनी मिळणारे काळे बूट त्यांना कधी आलेच नाहीत. वर्षभर ते चपलांत असायचे. प्राचार्य बदलले की नवे प्राचार्य एकदा चपलांवरून बोलायचे आणि मग सोडून द्यायचे.

माझ्याशी ते जमेल तितकं पुस्तकी बोलायचे. पण घाईत असले, आनंदात असले किंवा समोर एखादा प्राणी असला, की त्यांची आगरी बोली बाहेर यायची. समोर प्राणी बहुतेक वेळा असायचाच, म्हणजे बरणीत तरी.

या बरण्यांची त्यांना फार काळजी. आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंग असतं. टेबलावर ओळीने नमुने मांडायचे, घंटा वाजली की मुलांनी एकेक पुढे सरकायचं आणि दोन मिनिटांत प्राणी ओळखून लिहायचं. नमुने मांडायचे मामांनी. बाकी कॉलेजांत परिचर बरणी ठेवतो आणि जातो. मामा प्रत्येक बरणी हातात घेऊन हळूहळू फिरवायचे आणि ओळखायची खूण मुलांच्या समोर येईल अशी ठेवायचे. विंचवाचा काटा समोर, बेडकाची बोटं समोर. मुलाला ते एक अक्षर सांगायचे नाहीत. मायक्रोस्कोपला डोळा लावून "मामा, काहीच दिसत नाही" असं कोणी कुरकुरलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "आधी बस. मंग बग." मूल बसायचं आणि त्याला दिसायचं. मी त्याच मुलाला तेच काचपट्टीवरचं वर्गात पाऊण तास समजावलेलं असायचं.

तेव्हा मला त्यांचा हेवा वाटत नव्हता. तेव्हा मी त्यांना 'आमचे मामा' म्हणायचो, आणि 'आमचे' म्हणताना माणूस जरा वरून बोलत असतो.

पहिला चटका बसला तो कसाऱ्याच्या पुढच्या रानातल्या सहलीत. एका खडकावर विष्ठा पडलेली दिसली. मी तीस मुलांना गोल उभं केलं आणि बिबट्याच्या पिल्लाची विष्ठा या विषयावर दहा मिनिटं बोललो. आकार, जागा, हद्द आखण्याची सवय, सगळं. मुलांनी लिहून घेतलं. मामा उकिडवे बसून काडीने ती उकरत होते. मुलं पुढे सरकेपर्यंत ते थांबले आणि मग अगदी हळू म्हणाले,

"सर, उंबराच्या बिया हायेत यात. उदमांजराची हाय ही. बिबट्या उंबर खात नाय."

"असेल, असेल," मी म्हणालो.

हे त्यांनी मुलांसमोर सांगितलं नाही, याबद्दल मी आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. एकोणतीस मुलांच्या जर्नलात बिबट्याचं पिल्लू आलं आणि मी सगळीकडे सही ठोकली. एकीच्या जर्नलात मात्र उदमांजर होतं. ती मुग्धा. ती बुटाची नाडी बांधत मागे राहिली होती आणि तिने मामांचं बोलणं ऐकलं होतं. तिचा अर्धा मार्क मी कापला.

ही मुग्धा पुढे मोठी संशोधक झाली. हिमालयात, गाडीरस्ता संपल्यावर तीन दिवस चालून जावं लागतं अशा एका खोऱ्यात तिचं काम सुरू झालं. हिमबिबट्या आणि त्याचं भक्ष्य असलेल्या रानमेंढ्या. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिचा फोन आला, "सर, एप्रिल ते जून एका माणसाची गरज आहे. कॅमेरे लावायचे, विष्ठा गोळा करायच्या, रोज चालायचं. कॉलेजात येऊन बोलते."

आता यातून मी जो अर्थ काढला तो कुठल्याही विभागप्रमुखाने काढला असता. हिमबिबट्या मी सव्वीस वर्षं शिकवतोय. तक्ता, शेपटीची लांबी, पंजाखालचे केस. प्रत्यक्षात मी बर्फ पाहिला आहे तो रसवंतीच्या लाकडी पेटीत. फोन ठेवला आणि संध्याकाळी फडके रोडवर जाऊन चालायचे बूट आणि साठ लिटरची सॅक घेऊन आलो. त्या सॅकमध्ये पंधरा किलो तांदूळ भरून मी रोज सकाळी आमच्या इमारतीचे चार मजले चढू-उतरू लागलो. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी दार उघडून विचारायचे, "काय हो लेले, लिफ्ट बंद आहे का?" सुनीता, माझी बायको, भात लावायच्या वेळी सॅकमधून वाटीभर तांदूळ काढून घ्यायची.

दहाव्या दिवशी मुग्धा आली. मी पोट आत घेऊन बसलो होतो.

"सर, एक मागायचंय तुमच्याकडे."

"बोल ना."

"मामांना द्याल का अडीच महिने?"

"हो, का नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागातून कोणीतरी डोकावलं.

"बाकी सगळं शिकवता येतं, सर," ती सांगत होती, "न कंटाळता बसून राहणं नाही शिकवता येत. मामांना ते येतं."

तुम्ही येता का, असं तिने गमतीनेसुद्धा विचारलं नाही. तिच्या डोक्यातच ते आलं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. मामा कोपऱ्यात टबात काचपट्ट्या धूत होते. त्यांना बोलावून सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हात पुसले आणि मग विचारलं, "बर्फात वास राहतो का गं जनावराचा?" मी मनात म्हटलं, हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी असल्याने रजेचा प्रश्न नव्हता. दोन दिवसांनी मामांनी विचारलं, "सर, मोठी सॅक कुठं मिलंल?" मी घरी सहज बोललो, तर सुनीता म्हणाली, "अहो, आपली पडलीच आहे की. तांदूळ डब्यात ओतते." दुसऱ्या दिवशी मी सॅक नेऊन दिली. मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. एक पट्टा अजून प्लास्टिकमध्ये होता.

"नवी दिसते, सर."

"भावाची आहे," मी म्हणालो. मला भाऊ नाही.

ते अडीच महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या, एमआयडीसीच्या बाजूने रात्री तो ओळखीचा आंबट वास यायचा, आणि मी उत्तरपत्रिका तपासत बसलेलो. हिमालयीन सस्तन प्राण्यांवरच्या प्रश्नाला एका मुलाने हिमबिबट्याऐवजी याक लिहिला होता. मी त्याला पूर्ण मार्क दिले. म्हटलं, तू पाहिला नाहीस, मीही नाही.

जूनमध्ये मामा आले ते काळेठिक्कर पडून आणि सात किलो वजन घालवून. सॅक धुऊन, घडी घालून परत केली, पण तिला सुकटीचा वास येत होता. दोन किलो सुकट त्यांनी तिथे नेली होती. त्या उंचीवर डाळ शिजता शिजत नाही, म्हणून सगळ्यांना सुकटीची चटणी खाऊ घालून त्यांनी दिवस काढले. आमचं घर शाकाहारी. सॅक पंधरा दिवस गॅलरीत लटकत राहिली आणि शेजारच्या इमारतीतलं मांजर कठड्यावरून तिच्याकडे बघत बसायचं.

कॉलेजात तर विचारू नका. प्राचार्यांनी शाल दिली. सभागृहात मामांचं बोलणं ठेवलं, तर मुलं खिडक्यांत बसली होती. माझ्या तासाला हजेरीची सक्ती करूनही शेवटचे दोन बाक रिकामे असतात. मामा माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलले. पराक्रमाचं काही नाही. नऊ दिवस एका खडकामागे बसलो, काही दिसलं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्या नऊ दिवसांत काय काय दिसलं नाही तेच वीस मिनिटं सांगितलं. मुलं हसत होती, मध्येच गप्प होत होती. मग म्हणाले,

"एकेचालिसाव्या दिवशी दिसली. बाई व्हती. मागं दोन पिल्ला. तिनं आमच्याकडं बगितला ना पिल्लांना खडकाच्या मागं घेतला. चहा निवंल एवढाच वेल. पन बगितली."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होतो. आणि टाळ्या वाजवता वाजवता मला या माणसाचा इतका राग आला की तळहात दुखेपर्यंत मी वाजवत राहिलो. त्याने काय केलं होतं माझं? काही नाही. माझं जे होतं असं मी धरून चाललो होतो, ते त्याला न मागता मिळालं होतं.

यानंतर मामा कामात पूर्वीसारखेच होते. बरण्या, काचपट्ट्या, घंटा. फक्त जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याभोवती मुलं असायची, आणि ती मला पाहिलं की जरा गप्प व्हायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला मामांनी माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. जानेवारी ते मार्च, बिनपगारी रजा. हिवाळ्यात रानमेंढ्या खाली उतरतात आणि त्यांच्यामागे ती येते, बर्फात माग सापडतो, सगळ्यात महत्त्वाचा हंगाम तोच, असं मुग्धाचं पत्र जोडलेलं होतं. मामांचं स्वतःचं कारण वेगळं होतं.

"पिल्ला आता मोठी झाली असतील, सर. पुढच्या सालाला ती आईला सोडून जातील. एकदा बगायची हायेत मना." मग सावरून म्हणाले, "म्हणजे मला."

साठीला आलेला माणूस माझ्यापुढे उभा राहून फक्त एवढंच मागत होता. माझ्या एका ओळीवर सगळं होतं. विभागप्रमुखाने शिफारस केली की प्राचार्य सही करतात, नाही केली की करत नाहीत. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, हे खरं. पण शेजारच्या विभागाचा परिचर त्या सांभाळू शकला असता, हेही खरं. आणि मला ते माहीत होतं.

मी अर्ज चार दिवस खणात ठेवला. पाचव्या दिवशी पेन उघडून इंग्रजीत लिहिलं की श्री. भोईर यांच्याशिवाय या विभागाच्या प्रात्यक्षिक परीक्षा होऊच शकत नाहीत, त्यांच्या कामाला पर्याय नाही, सबब रजेची शिफारस करता येत नाही. इंग्रजीत लिहिलं कारण मामांना ते कळू नये. खाली सही केली, कागद डाकेच्या फाइलमध्ये घातला आणि घंटी वाजवली.

आमच्या विभागाची डाक प्राचार्यांकडे कोण नेतो? मामा. ते आले, फाइल बगलेत घेतली आणि जिना उतरून गेले. जो माणूस तीस वर्षं बरण्यांवर लॅटिन नावं स्वतःच्या हाताने लिहितोय त्याला दोन ओळी इंग्रजी वाचता येणार नाही, असं मानण्याइतका मी शहाणा होतो.

अर्ज नामंजूर झाला. त्या फेब्रुवारीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या स्पॉटिंगची मांडणी पाहून माझं अभिनंदन केलं. प्रत्येक बरणी होती तशीच, खूण समोर. मी "थँक्यू" म्हणालो. मामा तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला हातात घंटा घेऊन उभे होते, दोन मिनिटं व्हायची वाट पाहत.

जूनमध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली. दोन वर्षं शिल्लक होती. मला वाटलं, घरात कोणी आजारी असेल. विचारलं, तर म्हणाले, "नाय सर. हिवाल्याला जायचाय." बस, एवढंच. रजा मिळत नाही म्हणून माणूस नोकरी सोडतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हेव्याची म्हणून काही शेवटची पायरी असेल तर मी तिथे त्या दिवशी पोचलो. चार मजले चढण्याची तयारी होती माझी. हे मला जमलं नसतं.

निरोप समारंभ झाल्यावर, पेढ्यांची रिकामी खोकी उचलून झाल्यावर, ते माझ्या केबिनमध्ये किल्ल्या द्यायला आले. कपाटांच्या अकरा किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. टेबलावर ठेवून थोडे घुटमळले.

"सर, एक सांगू? त्या अर्जावर तुम्ही लिवलेला, तो मी वाचलेला. जिन्यात."

मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच राहिलो.

"घरी बायकोला पन सांगितला मराठीत करून. आमच्याबिगर परीक्षा व्हनार नाय, असा. तीस वर्षांत कोनी लिवला नव्हता." ते हसले, अगदी मनापासून. "राग आलेला पयला. पन लिवलेला चांगला व्हता."

त्यांनी ते खरंच तसं घेतलं होतं, की मला सोडवायला तसं म्हणत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. चपला वाजवत ते जिना उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना समोरासमोर पाहिलेलं नाही. अधूनमधून खडवलीला येतात म्हणे, भात लावायला. बाकी वर्ष तिकडेच.

यंदाच्या मे महिन्यात मुग्धाने एक हार्ड डिस्क पाठवली. हिवाळाभर चौदा कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो. समोरून काही हललं की हे कॅमेरे आपोआप टिपतात, मग ते रानमेंढी असो, कावळा असो की बर्फाचा पडता लगदा. कोणीतरी एकेक फोटो पाहून प्राणी आहे, नाही, माणूस आहे, अशी नोंद करायची असते. मुलांना हे काम द्या, असं तिने सुचवलं होतं. मी मुलांना दिलं नाही. दार लावून स्वतः बसलो.

पहिल्या कॅमेऱ्याचा पहिलाच फोटो चुकीचा निघाला. कॅमेरा खडकाला गुडघ्याइतक्या उंचीवर बांधलेला असतो, त्याला समोरची वाट दिसायला हवी. या फोटोत सगळं खोरं होतं. बर्फाची शिखरं, खाली दोऱ्याएवढी नदी, ढगांची सावली. दुसऱ्या फोटोपासून नेहमीची वाट. मी 'प्राणी नाही' अशी नोंद केली आणि पुढे गेलो. दुसऱ्या कॅमेऱ्याचंही तेच. पहिला फोटो खोऱ्याचा, दुसऱ्या बाजूने. तिसऱ्याचंही तेच. पाचव्याला मी थांबलो आणि मुग्धाला फोन लावला.

"कॅमेरे लावताना काहीतरी गडबड होतेय तुमची. पहिला फोटो दर वेळी आभाळात."

"गडबड नाही, सर," ती म्हणाली. "मामा करतात ते. बांधायच्या आधी कॅमेरा हातात धरून खोऱ्याकडे फिरवतात. बॅटरी जाते म्हणून मी ओरडलेसुद्धा. तर म्हणाले, हे फोटो सर बघतील. त्यांनाच यायचा व्हता, मी मधी आलो."

फोन ठेवल्यावर मी उरलेले नऊ कॅमेरे उघडले. नऊ वेळा खोरं, नऊ बाजूंनी. कुठे सकाळ, कुठे हिमवर्षाव, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा कडा मधोमध येईल असं नीट धरलेलं. चौदाव्या कॅमेऱ्यात दुसऱ्या फोटोत मामा स्वतः आले. कॅमेरा जनावराला पकडतो की नाही हे पाहायला माणसाने चार पायांवर त्याच्यासमोरून जायचं असतं. मामा तसे चालले होते. गुडघे बर्फात, हातमोजे पुढे, मान खाली, आणि मन लावून. एकही पाऊल माणसासारखं पडू नये याची काळजी घेत.

मी नोंद केली, 'माणूस'. मला रडू आलं आणि लाजही वाटली. पण खरं सांगायचं, तर त्या सगळ्याच्या तळाशी हेवाच होता. आता बर्फाचा नाही, त्या मादीचा नाही. मी त्यांचा हिवाळा काढून घेतला होता. त्यांना मिळाला तेव्हा त्यांनी त्यातले चौदा फोटो माझ्यासाठी काढले होते. त्यांच्या जागी मी असतो, तर एकही काढला नसता.